हलव्याचा काटा आणि जाजमावरची जागा

थंडी पडली, हरभऱ्याला घाटे धरले, की आमच्या केंद्रावर एक विचारणा हमखास येते. "यंदा हलवा कसा करायचा ते सांगणार ना?" दर वर्षी आम्ही कृती सांगतो. यंदा कृती तर सांगूच, पण तिच्या आधी इतिहास सांगणार आहोत. तिळगूळ, हलवा आणि साखरेच्या गाठी हे आपले सणाचे गोड पदार्थ. याला भट्टी लागत नाही, ओव्हन लागत नाही. एक शेगडी, एक परात, एक कढई आणि बाईचे दोन हात असले की झालं. असं हे साधं गोड आपल्या घरात कुठून आलं, किती फिरून आलं, आणि ते कुणाच्या हातावर ठेवायचं हे कुणी ठरवलं, त्याची ही गोष्ट.

ही गोष्ट आम्हाला सुचली ती आमच्या गटातल्या आत्यांमुळे. आत्या म्हणजे आम्ही सगळ्याच त्यांना आत्या म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. आमच्या गावात त्यांच्यासारखा हलवा कुणाला जमत नाही. पांढराशुभ्र, काटा असा की बोटाला टोचावा. गावात नवी सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने आत्यांच्या हातचे. मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा, सगळे हलव्याचे. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी, तीही त्यांच्याच हातची. पण गावातल्या एकाही हळदीकुंकवाला आत्या कधी बसल्या नव्हत्या. त्या तिशीत असताना मामंजी वारले, तेव्हापासून. या गोष्टीकडे आपण पुढे येऊ. आधी तिळापासून सुरुवात करू.

तीळ हे आपल्या जमिनीतलं फार जुनं पीक. सिंधू संस्कृतीचं हडप्पा शहर खणलं तेव्हा तिथे जळालेले तीळ सापडले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे तेव्हाही कुणीतरी बाई तीळ पाखडत होती, भाजत होती. आपण 'तेल' म्हणतो तो शब्दच मुळी तिळावरून आला. संस्कृतात तिळापासून निघालेलं ते 'तैल'. पुढे करडईचं, शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं काढलेलंही तेलच झालं, पण नाव राहिलं तिळाचं. शेंगदाणा मात्र आपल्याकडे बराच उशिरा आला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्यामुळे तिळाच्या वडीत आपण आज जो दाण्याचा कूट घालतो, तो आपल्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता. त्यांच्या वडीत तीळ आणि गूळ, एवढंच.

आता गुळाकडे वळू. उसाचा रस आटवून गूळ करायचा आणि तोच आणखी शुद्ध करत साखरेपर्यंत न्यायचा, हे ज्ञान आपल्या देशातलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या वस्तूंची यादी आहे. त्यात उसापासून होणाऱ्या पदार्थांची नावं ओळीने येतात: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी म्हणा. तिच्यापासून एकेक पायरी चढत शर्करेपर्यंत जायचं. 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडी, वाळूचा खडा. साखरेचा दाणा तसाच दिसतो म्हणून तिला ते नाव पडलं. आणि 'खंड' म्हणजे तुकडा.

हे शब्द पुढे जगभर गेले, बरं का. शर्करेचं फारसीत शकर झालं, अरबीत सुक्कर, आणि तिथून युरोपातल्या भाषांत गेलं. इंग्रजीतला शुगर त्याच कुळातला. खंडाचं कंद झालं आणि कंदाची कँडी झाली. आपली मुलं दुकानात जाऊन कँडी मागतात, ती आपलाच खंड परत मागत असतात. उलटही झालं. हिंदीत साखरेला चीनी म्हणतात ते चीनवरून, आणि खडीसाखरेला मिसरी म्हणतात ते मिस्र, म्हणजे इजिप्तवरून. माल आणि माणसं दोन्ही बाजूंनी ये-जा करत होती, त्याच्या या खुणा.

शिकंदर बादशहा हिंदुस्थानच्या सीमेवर आला, त्याला तेवीसशे वर्षं होऊन गेली. त्याचा सेनापती निआर्कस याने लिहून ठेवलं की या देशात मधमाशांशिवाय मध देणारे वेत आहेत. त्याला ऊस माहीतच नव्हता, तो बिचारा दुसरं काय म्हणणार! पुढे सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने मगधाकडे माणसं पाठवली. कशासाठी? साखर करायची रीत शिकून यायला. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीपुढे उभा राहणारा गुळव्या असतो ना, त्याच्यासारख्या माणसांकडून एका बादशहाने शिकवणी घेतली होती, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता हलवा. नाव अरबी आहे. अरबीत हलवा म्हणजे गोड पदार्थ. त्यामुळेच गाजराचा हलवाही हलवा आणि संक्रांतीचा काटेरी हलवाही हलवा. दोघांत साम्य काहीच नाही, फक्त गोडी. तीळ इथले, साखर इथली, नाव मात्र प्रवासातून आलेलं.

बी घ्यायचं, परातीत तापवायचं आणि त्यावर पाकाचे थर चढवत जायचे, ही रीत बऱ्याच देशांत आहे. इराणमध्ये लग्नाच्या वेळी वाटतात तो नोकल. त्यात बदामावर साखरेचा पांढरा खडबडीत थर असतो. पोर्तुगीज लोक अशा साखरगोळीला कॉन्फेइतो म्हणतात. सोळाव्या शतकात ते ती घेऊन जपानला गेले. १५६९ साली लुईस फ्रॉइस नावाच्या पाद्र्याने ओदा नोबुनागा या तिथल्या बड्या सरदाराला काचेच्या बरणीत भरून ही गोळी नजर केली. जपानी लोकांनी ती स्वतः करायला शिकून घेतली. त्यांच्या भाषेत तिला कोंपेइतो म्हणतात. जुन्या काळी ते त्यासाठी तिळाचा दाणा वापरायचे. फोटो पाहिला तर तुम्ही म्हणाल, हा तर आपला हलवा! तसाच गोल, अंगभर काटे. तिथले कारागीर आजही एक घाणा करायला दोनेक आठवडे घेतात.

काटा कसा येतो? आम्ही आत्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थंडी आणि सबुरी." त्यामागचं कारण असं. पाकाचा थेंब तिळावर पडला की कुठेतरी बारीक उंचवटा तयार होतो. परात गरम असते, उंचवटा तिला आधी टेकतो, तिथला पाक आधी सुकतो. पुढच्या थेंबाला तो उंचवटा आणखी वाढतो. असं पन्नास वेळा, शंभर वेळा झालं की काटा उभा राहतो. हवा दमट असली तर पाक सुकत नाही, साखर चिकटते, गोटे होतात. म्हणून हलवा पहाटे करायचा, कोरड्या थंडीत. सगळे पदार्थ माणसाच्या सोयीने करता येतात, हलवा मात्र हवेच्या सोयीने.

पण मैत्रिणींनो, ही पांढरी साखर आपल्या खेड्यातल्या घरात केव्हा आली? पूर्वी गोड म्हणजे गूळ. गावाजवळ गुऱ्हाळ लागायचं, काहिलीत रस उकळायचा, मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालायचे, आणि ढेपा पडायच्या. पुरणपोळीला गूळ, लाडवाला गूळ, पाहुण्याला आल्या आल्या गूळ-पाणी. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची गूळ बाजारपेठ उभी राहिली ती याच जोरावर. साखर ही श्रीमंताघरची, देवाच्या प्रसादाची आणि औषधाच्या अनुपानाची वस्तू.

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तुम्ही एक शब्द ऐकला असेल: मोरस. 'मोरस साखर' म्हणजे गिरणीतली पांढरी दाणेदार साखर. हा मोरस म्हणजे मॉरिशस बेट. इंग्रजांनी तिथे उसाचे मोठे मळे केले. गुलामी बंद झाली तेव्हा मळ्यांवर राबायला १८३४ पासून हिंदुस्थानातून करार करून मजूर नेले. बिहारकडचे नेले, तमिळ मुलखातले नेले, आणि मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलेही नेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे मराठी म्हणून ओळखली जातात, मराठी शिकतात. आता बघा, कोकणातली माणसं समुद्रापार जाऊन ऊस तोडत होती आणि त्याच बेटावरची साखर जहाजातून मुंबईला उतरत होती. इकडे घरात सणाला चमचाभर मोरस वापरणाऱ्या बाईला ती साखर कुणाच्या घामाची, हे कुठून कळावं?

पुढे १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ झाली. परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार घालायचं ठरलं. सभा झाल्या, शपथा झाल्या. पण नियम सभेत ठरला तरी पाळायचा स्वयंपाकघरात. पाहुण्यापुढे गुळाचा चहा ठेवायला बायकांनाच धीर करावा लागला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवणारा कायदा केला. तोवर साऱ्या देशात आधुनिक साखर कारखाने तिसाच्या आसपास होते. चार-पाच वर्षांत ते शंभराच्या वर गेले.

मग आपल्या महाराष्ट्रातली मोठी गोष्ट. अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी एकत्र केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना म्हणून देशभर त्याचं नाव झालं. त्याचं पाहून कृष्णा, वारणा, पंचगंगा, नीरा, भीमा, गोदावरी, नदी नदीवर कारखाने झाले. साखर आपल्या शिवारातच पिकू लागली.

तरी ती सुखासुखी मिळत होती असं नाही. आमच्या गटातल्या जुन्या बायांना रेशनच्या साखरेची रांग अजून आठवते. कारखान्याकडून सरकार ठरलेल्या भावाने लेव्हीची साखर घ्यायचं आणि रेशनवर द्यायचं. ती पद्धत थेट २०१३ साली बंद झाली. आत्या सांगतात, "दिवाळीला थोडी जास्त मिळायची. त्यातली मी दोन वाट्या मडक्यात बाजूला ठेवायची. चहाला हात लावू द्यायची नाही कुणाला. ती संक्रांतीच्या हलव्याची." दोन वाट्या साखर तीन महिने राखून ठेवायची आणि चार पहाटे परातीपुढे बसून तिचे दागिने दुसऱ्याच्या सुनेला घालायचे. हलव्याला एवढा मान का, ते यावरून कळतं. जवळ सोनं नसलं तरी नव्या सुनेला दागिन्यांनी मढवण्याची हौस बायकांनी साखरेत भागवली.

आता त्या जागेवर येऊ, जिथे आम्हाला थांबावं लागलं.

तिळगूळ वाटताना आपण गोड बोला म्हणतो. सगळ्यांना म्हणतो. लहान मुलं तर दारोदार जाऊन वाटतात, कुणाला वगळत नाहीत. पण संक्रांत ते रथसप्तमी जी हळदीकुंकवं होतात, तिथे मात्र कोण यावं आणि कोण येऊ नये हे ठरलेलं. सवाष्णींनी यायचं. जिचा नवरा गेला तिने यायचं नाही. शिवाय जुन्या काळी कोणत्या जातीच्या बाईला कोणत्या घरात बोलावणं जायचं, जाजमावर कुणी बसायचं आणि उंबऱ्याबाहेर कुणी, हेही ठरलेलं होतं.

हे सगळं मोडून दाखवणारं एक हळदीकुंकू पुण्यात झालं. तारीख १४ जानेवारी १८५२. करणाऱ्या होत्या सावित्रीबाई फुले. तेव्हा त्यांचं वय एकवीस. चार वर्षांपूर्वी, १८४८ साली, त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकत, ते आपण सगळ्या जणी ऐकून आहोत. त्यांनी महिला सेवा मंडळ काढलं आणि मंडळाच्या वतीने तिळगुळाचा समारंभ ठेवला. अध्यक्ष म्हणून पुण्याचे कलेक्टर जोन्स यांच्या पत्नीला बोलावलं. आणि बोलावण्याच्या पत्रिकेतच स्पष्ट लिहिलं की कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, हळदीकुंकू सगळ्यांना सारखंच लावलं जाईल आणि तिळगूळ वाटला जाईल.

पत्रिकेत आधी लिहून टाकलं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. बाई आली आणि मग कुठे बसावं म्हणून दारात अवघडून उभी राहिली, असं होऊ नये. कुणाला ते पटणार नसेल तर तिने आधीच विचार करावा. विधवांचं दुःखही या जोडप्याने दूर ठेवलं नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे सुखरूप बाळंत होता यायचं.

आम्ही ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करतो. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी आमच्या कार्यक्रमात हीच हकिगत वाचून दाखवली. छान झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे पंधरा दिवसांनी आमच्या बचत गटाचं हळदीकुंकू होतं. आत्यांनी सुनेच्या हाती हलव्याची परात पाठवून दिली, वर स्वच्छ फडकं बांधून. स्वतः आल्या नाहीत. आम्ही हलवा डब्यात भरायला घेतला. तेवढ्यात गटातली सगळ्यात लहान पोर, बारावी झालेली, म्हणाली, "रेडिओवर तर तुम्ही वेगळंच वाचलं होतं."

खरं सांगतो, आम्हाला उत्तर देता आलं नाही.

आम्ही चौघी आत्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाईट वाटत नाही, सवय आहे." आम्ही म्हटलं, "आम्हाला वाईट वाटतंय, आत्या, चला." त्या आल्या, पण दाराशी बसल्या. कुंकू लावून घेतलं नाही. आम्ही आग्रह धरला नाही, कारण लावायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. तिळगूळ मात्र घेतला, दिला. त्या दिवशी आमच्यातल्या दोघी जणी न बोलता उठून गेल्या. त्यांतली एक पुढच्या वर्षी आली, एक अजून येत नाही. हेही सांगायला हवं. असे बदल एका कार्यक्रमात होत नाहीत. दुसऱ्या वर्षी आत्या जाजमावर मधोमध बसल्या, कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "लाव गं, आता उशीर नको."

याच दरम्यान आम्हाला आणखी एका गावाचा आधार वाटत होता. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ऊसपट्ट्यातलंच गाव. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ रोजी, त्यांच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांतच, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला आहे का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडता येतो. गट म्हणून चार-पाच जणी मिळून गेलं की बोलायला धीर येतो, हा आमचा अनुभव.

इतिहासाचा आणखी एक धडा आम्ही घेतला, तो हिशेबाचा. साखरेला नेहमी भाव होता. जकात होती, लेव्ही होती, कारखान्याचा दर होता. पण परातीपुढे बसलेल्या बाईच्या पहाटेला कुणी भाव लावला नाही. आम्ही दागिने विकायला लागलो तेव्हा तालुक्याच्या एका दुकानदाराने साखर आणि दोऱ्याचे पैसे धरून वर थोडेसे दिले. आम्ही खूश झालो. मग आत्यांच्या सुनेने वहीत तास लिहून ठेवले. हलवा करायला चार पहाटे, ओवायला दोन दुपारी. हिशेब केला तर शेतातल्या रोजंदारीच्या निम्माही पैसा हातात पडत नव्हता. आता आम्ही किंमत सांगताना तास धरतो. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण टिकून राहिलं ते बरं आहे. तुम्हीही करत असाल तर वही ठेवा.

आणि एक आठवण ठेवायची. संक्रांत येते ती ऐन गाळप हंगामात. आपण हळदीकुंकू करतो तेव्हा ऊसतोडीच्या बाया कारखान्याच्या फडावर, खोपीत असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पहाटे अंधारात मोळ्या बांधायला निघतात. जी साखर आपण परातीत घालतो ती त्यांच्या हातून गेलेली. मोरसच्या काळी ते हात समुद्रापार होते, आज आपल्या शिवेवर आहेत. गेल्या वर्षी आमच्या गटाने फडावर तिळगूळ नेला. तिथल्या एका बाईने आम्हालाच बसायला पोतं अंथरलं.

आता कृती, थोडक्यात, कारण तुम्ही वाट पाहताय.

हलव्यासाठी पाव वाटी तीळ निवडून, कोरडे भाजून घ्या. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळा. उकळी आली की चमचाभर दूध घाला. मळी वर येईल, ती काढून टाका आणि पाक गाळून घ्या. पाक बोटाला चिकट लागावा, फार घट्ट नको. परात अगदी मंद आचेवर ठेवा, निखारे असतील तर उत्तम. तिळावर एक चमचा पाक घाला आणि बोटांच्या टोकांनी सतत हलवत राहा. सुकला की पुढचा चमचा. घाई केली की गोटे होतात. पाक घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून कोमट करा. रोज पहाटे दोन-तीन तास, असं तीन-चार दिवस. मधल्या वेळात परात फडक्याने झाकून कोरड्या जागी ठेवा. तिळाऐवजी साबुदाणा किंवा लवंग घेतली तरी चालते.

एवढा वेळ नसेल तर तिळाची वडी करा. तीळ आणि चिक्कीचा गूळ वजनाने सारखे घ्या. तीळ भाजून ठेवा. कढईत चमचाभर तूप घालून गूळ वितळवा. थेंब पाण्यात टाकून पाहा, त्याची गोळी कडक होऊन वाटीवर टण्ण वाजली की तीळ आणि वेलची घालून लगेच तूप लावलेल्या पाटावर लाटा. गरम असतानाच सुरीने रेषा ओढा, नंतर तुटणार नाही. आजोबा-आजींच्या दातांसाठी मऊ हवी असेल तर साधा गूळ घ्या आणि गोळी मऊ असतानाच उतरवा. मुलांना मात्र गरम पाकापासून लांब ठेवा, त्याचा चटका फार खोल बसतो.

यंदा आमच्या गटाचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आहे. पत्रिका आम्ही हातानेच लिहिली. सावित्रीबाईंची आठवण ठेवून तिच्यात आधीच लिहून टाकलं आहे की गावातली प्रत्येक बाई यावी, सगळ्यांसाठी एकच जाजम असेल. खाली बोलावणाऱ्यांची नावं आहेत. पहिलं नाव आत्यांचं आहे.

हलवा सुरू करायचा असेल तर उद्या पहाटेच परात काढा, थंडी चांगली आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.